किशोरांवरील फिर्याद: एका शिक्षकाचे प्रत्युत्तर

रेवसपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या आमच्या किनारपट्टीवर जिथे म्हणून माध्यमिक शाळा आहे आणि पालकसभा भरते, तिथे अलीकडे एकच फिर्याद निरनिराळ्या शब्दांनी दाखल होत असते: मुले मोबाइलने बिघडली, ती वाचत नाहीत, ऐकत नाहीत, रात्री जागतात नि दिवसा पेंगतात, चित्रफितींतल्या परक्या पोरांसारखे केस कापतात आणि घरच्या माणसांशी बोलताना त्यांची मान वर होत नाही, तेव्हा शाळेने फर्मान काढावे, ग्रामसभेने ठराव करावा, अठरा वर्षांखालील कोणाच्याही हाती हे यंत्र दिसता कामा नये आणि दिसल्यास दंड व्हावा. ही मागणी करणाऱ्यांत माझे सहव्यवसायी आहेत, ज्यांच्या मुलांना मी शिकवले असे पालक आहेत, आणि ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे असे वडीलधारेही आहेत. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या फिर्यादीत आरोपीच्या जागी भलतीच व्यक्ती उभी केली आहे, ती कितीही कळकळीने मांडली तरी तिच्यातून न्याय निष्पन्न होत नाही. आणि येथे आरोपीच्या जागी मुलाला उभे करून आपण त्या जागेच्या खऱ्या हक्कदारांना मोकळे सोडले आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे हे प्रत्युत्तर लिहिणे मला कर्तव्य वाटते.

फिर्यादीतला तपशील खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो तपशील रोज सकाळी माझ्यासमोर बाकावर येऊन बसतो. पहिल्या तासाला डोके टेकणारा नववीतला मुलगा आजारी नसतो. स्नॅपचॅटवरची ‘स्ट्रीक’, म्हणजे रोजच्या देवाणघेवाणीची अखंड साखळी, तुटू नये म्हणून तो मध्यरात्र उलटेपर्यंत जागलेला असतो. जी मुलगी दोन वर्षांपूर्वी पानभर निबंध सहज लिहीत असे, तिला आता तिसऱ्या ओळीनंतर विचार सुचेनासा होतो आणि त्याचे दुःख तिचे तिलाच होते. धड्यातला एखादा दीर्घ परिच्छेद मोठ्याने वाचू लागलो की वर्गाचे अवधान ज्या वेगाने विरून जाते, तो वेग पूर्वीचा नाही हेही मी मान्य करतो. वर्गात मोबाइल असू नये, याविषयी तर माझे दुमतच नाही. मतभेद सुरू होतो तो यापुढे, म्हणजे या अनर्थाचे मूळ मुलांच्या स्वभावात शोधले जाते तिथे.

हे यंत्र त्यांच्या हाती आले कसे, याची कैफियत आधी नोंदवली पाहिजे. आमच्या घरांत मोबाइल चैन म्हणून आला नाही. ज्या घरातला तांडेल किंवा खलाशी दिवसचे दिवस समुद्रावर असतो आणि ज्या घरातला कर्ता पुरुष मुंबईला नोकरीस राहून सणावारालाच दारात दिसतो, त्या घरांत तो ख्यालीखुशालीचा एकमेव दुवा म्हणून आला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त डेटाचा जो लोंढा देशभर वाहू लागला तो आमच्या कोळीवाड्यांतही शिरला. तरीही यंत्र वडिलांच्याच खिशात राहत होते. ते मुलाच्या तळहातावर आले २०२० साली, आणि ते मुलाने हिसकावून घेतलेले नव्हते. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब उन्मळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. ज्या कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची पोफळीची वाडी एका दुपारी नाहीशी झाली, त्या कुटुंबाला त्याच महिन्यात, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या शासकीय उपक्रमाच्या आधाराने, आम्ही शिक्षकांनी कळवले की मुलाचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येईल आणि त्यासाठी स्मार्टफोन लागेल. ते कळवणे चुकीचे होते असे मी म्हणत नाही. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. कोणी कर्ज काढून, कोणी वादळाच्या नुकसानभरपाईची वाट पाहत, कोणी वडील होडीवरून परतेपर्यंत थांबून ते यंत्र मिळवले, आणि रेंज मिळावी म्हणून मुले डोंगराच्या सोंडेवर जाऊन बसू लागली.

आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवून पाहा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि पुढच्या काही दिवसांतच, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले. म्हणजे ज्या सुमारास राज्यातल्या शाळांनी निरुपायाने मुलांच्या हाती पडदा दिला, त्याच सुमारास जगातल्या एका धनाढ्य कंपनीने त्याच पडद्यावर आपले नवे दुकान मांडले. अभ्यासाची चित्रफीत आणि करमणुकीची चित्रफीत एकाच काचेवर, एकाच अंगठ्याच्या हालचालीवर, एकाच एकाकी दुपारी मुलासमोर आली. ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा नियमित उघडल्या. मधल्या दीड वर्षात मैदान नव्हते, मित्र नव्हते, कबड्डी नव्हती, सहल नव्हती, होती ती ही काच. ज्यांनी ती दिली आणि ज्यांनी तिच्यातून नफा काढला ते दोन्ही पक्ष सज्ञान होते. या व्यवहारातला एकमेव अज्ञान पक्षकार आज दंडास पात्र ठरवला जात आहे.

फिर्यादी पक्षाचा यावरचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: यंत्र कोणीही दिले असो, आमच्या पिढीला संयम होता, यांना नाही. वडीलधाऱ्यांविषयीचा माझा आदर बाधित न होऊ देता मी एवढेच विचारतो की तो संयम १ जुलै २०१८ रोजी कुठे होता? त्या दिवशी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. त्या अफवा घरोघरच्या कर्त्या माणसांच्या गटांतून फिरत आल्या होत्या, आणि त्या खऱ्या मानून पाच निरपराधांचे प्राण घेतले गेले ते मुलांच्या रक्षणाच्या नावाने. आमच्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी जुलै २०२४ मध्ये चित्रफीत काढताना जी तरुणी दरीत कोसळून मरण पावली, ती सज्ञान आणि उच्चशिक्षित होती. तिच्या मृत्यूचा उल्लेख मी तिला दोष देण्यासाठी करत नाही. जे आकर्षण प्रौढ, शिकलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाचेही भान हरपू शकते, ते चौदा वर्षांच्या मुलाने केवळ इच्छाशक्तीच्या बळावर परतवावे, ही अपेक्षा किती अन्याय्य आहे हे दाखवण्यासाठी करतो.

इच्छाशक्तीचा प्रश्न काढलाच आहे तर तिच्याशी सामना कोणाचा, हेही पाहू. पूर्वी पान संपत असे. पान संपले की वाचणाऱ्याचा हात थांबत असे आणि त्या थांबण्यात उठून जाण्याची संधी असे. २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने न संपणाऱ्या पानाची युक्ती शोधली आणि पुढे स्वतःच जाहीरपणे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचे बटण आणले आणि आपल्या चेहऱ्याची किंमत इतरांच्या अंगठ्यांनी मोजण्याची सवय लागली. २०२१ च्या सप्टेंबरात फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, तेव्हा इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरींमागे एकीची स्वतःच्या शरीराविषयीची अप्रीती अधिक वाढते, असे कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवल्याचे जगाला कळले. कंपनीने त्या आकड्याचा अर्थ निराळा लावला, पण ती गोष्ट तिच्या दप्तरी होती हे तिला नाकारता आले नाही. मुरूडजवळच्या एखाद्या वाडीत, बोंबील सुकवण्याच्या वलांडींखाली बसलेल्या मुलीच्या एका क्षणाच्या थांबण्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी, असा हा सामना आहे. त्यात ती हरली तर तिला दुर्बल म्हणणाऱ्याने पंच म्हणून बसण्याचा अधिकार गमावला आहे.

आणि ही यंत्रणा अपरिवर्तनीय आहे असेही नाही. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर देशभर संताप उसळला आणि सरकारने जाब विचारला, तेव्हा त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली. यंत्रणेतला हा बदल काही आठवड्यांत झाला. दबाव योग्य पत्त्यावर गेला की काय होते, याचा हा पुरावा आहे.

बंदीच्या समर्थकांना उदाहरणे आवडतात, म्हणून महाराष्ट्रातलीच दोन घेतो. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये असा निर्णय घेतला की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, त्याबरोबर घराघरांतले दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतील, आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले अभ्यास करतील, मोठी माणसे वाचतील किंवा एकमेकांशी बोलतील. त्यासाठी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई राहील. दोन्ही गावांची तळमळ एकच, काळही जवळजवळ एकच. परंतु दोहोंत जो भेद आहे तो मला मूलगामी वाटतो. बांशीचा नियम मुलांसाठी आहे, वडगावचा गावासाठी आहे. वडगावात आईने मालिका सोडली, बापाने निरोपांचा गट सोडला, आणि मग मुलाला पुस्तकापाशी बसायला सांगितले. पालकसभेत ज्या ज्या वेळी बांशीचा दाखला दिला जातो त्या त्या वेळी मी वडगावचा दाखला देतो, आणि प्रत्येक वेळी सभागृहात शांतता पसरते. कारण वडगावची किंमत मोठ्यांना द्यावी लागते.

परंतु बंदीला माझा जो सर्वांत मोठा आक्षेप आहे तो याहून गंभीर आहे, आणि त्यासाठी वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर थांबावे अशी विनंती आहे. समजा, ठराव झाला. मोबाइल बाळगणारे मूल गुन्हेगार ठरले. मोबाइल नाहीसा होणार नाही, हे आपण सारे जाणतो. तो उशीखाली जाईल, मित्राच्या घरी जाईल, धाकट्या काकाच्या नावावरच्या खात्यात जाईल. आता या चोरट्या पडद्यावर एके दिवशी दहावीतल्या एखाद्या मुलीला अनोळखी माणसाचा निरोप येतो, पुढे ओळख होते, विश्वास बसतो, एक छायाचित्र पाठवले जाते, आणि त्यानंतर धमकी येते: सांगितले ते कर, नाहीतर हे गावभर जाईल. हा प्रसंग मी कल्पनेने रंगवत नाही. याच्या कमीअधिक तीव्रतेच्या आवृत्त्या कोणत्याही माध्यमिक शिक्षकाच्या कानावर येतात, त्याही बहुधा उशिराच. त्या क्षणी त्या मुलीला सर्वांत अधिक गरज असते ती एका मोठ्या माणसाजवळ जाऊन ‘सर, माझं असं असं झालंय’ एवढे एक वाक्य उच्चारण्याची. २०१२ चा पॉक्सो कायदा तिच्या बाजूने आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ ब हे कलम तिच्या बाजूने आहे, १०९८ ही बालकांची मदतवाहिनी तिच्यासाठीच आहे. पण या साऱ्या दरवाजांपर्यंत पोचण्याची वाट त्या एका वाक्यातून जाते. आपला ठराव नेमके ते वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतो. कारण ते उच्चारताना पहिली कबुली तिला स्वतःच्या गुन्ह्याची द्यावी लागते: माझ्याजवळ मोबाइल होता. धमकी देणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता हवा? तो तिला हेच सांगत असतो की तुझे कोणी ऐकणार नाही, उलट तुलाच शिक्षा होईल. आणि आपण ग्रामसभेच्या शिक्क्यानिशी त्याचे म्हणणे खरे करून ठेवतो.

यात मुलगा आणि मुलगी यांना एकच माप लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या गावांत मुलाचा मोबाइल काढून घेतला तर चार दिवसांनी परत मिळतो. मुलीचा काढून घेतला की त्यापाठोपाठ शिकवणी बंद होते, मग मैत्रिणींकडे जाणे बंद होते, कधी शाळाच बंद होते, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. ज्या मुलीचे छायाचित्र कोणी दुष्टाव्याने पसरवले तिला घरी बसवायचे आणि ज्याने पसरवले तो एस.टी.च्या थांब्यावर उभा राहून हसायचा, हा न्याय ज्या गावाला चालतो, त्या गावाने मुलांच्या नीतीची चिंता वाहण्यापूर्वी स्वतःच्या नीतीचा हिशेब द्यावा.

राहिला वाचनाचा प्रश्न. मुले वाचत नाहीत, हे वाक्य उच्चारणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की त्यांनी वाचावे ते कुठे आणि काय? संध्याकाळी सातनंतर उघडे असलेले वाचनालय आपल्या किती गावांत आहे? मुलांचे खेळायचे मैदान किती ठिकाणी शिल्लक आहे आणि किती ठिकाणी त्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात? मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट लागू लागली, अलिबाग मुंबईच्या अंगणात आले, जमिनींच्या किमती चढल्या. आमच्या मुलांचा किनारा मात्र त्यांच्यापासून वावभर लांब सरकला. ज्या वाळूवर त्यांचे आजोबा जाळी विणत बसत, तीच वाळू आता ती मुले परक्यांच्या चित्रफितींत पार्श्वभूमी म्हणून पाहतात, आणि स्वतःचे गाव जणू दुसऱ्याच्या सुखाची जागा आहे अशी भावना त्यांच्या मनात नकळत रुजते. तिचे खापर केवळ इन्स्टाग्रामवर फोडणे सोयीचे आहे, सत्य नाही. याउलट, त्याच पडद्यावर होडीच्या इंजिनाची दुरुस्ती शिकलेला मुलगा, शिष्यवृत्तीची जाहिरात शोधून स्वतः अर्ज भरणारी मुलगी, आजीच्या तोंडचे लग्नातले धवले ध्वनिमुद्रित करून ठेवणारी नातही माझ्या पाहण्यात आहे. फिर्यादीत त्यांचा उल्लेख नसतो.

सानेगुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहीत आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. मुलांना काय वाचू नये हे सांगण्यापेक्षा त्यांनी त्यांना रोज वाचण्याजोगे काही दिले, आणि त्यात मुलांच्याच जगण्यातले विषय आणले. शिक्षकाच्या कर्तव्याची याहून स्पष्ट व्याख्या मला माहीत नाही. जो शिक्षक आठवड्यातला एक तास वर्गासमोर एखादी पसरलेली बातमी ठेवतो, ती कोणी काढली, कोणाच्या फायद्यासाठी काढली, तिच्यातले चित्र कुठल्या सालचे आहे हे मुलांकडून शोधवून घेतो, तो मोबाइल जप्त करून कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा अधिक कडक शिस्त लावत असतो. पण त्यासाठी तास लागतो, तयारी लागते. आणि अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली शिक्षकाला ती सवड उरू न देणाऱ्या व्यवस्थेलाही या खटल्यात साक्षीला बोलावले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचा दाखला आता पालकांच्याही तोंडी आहे. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवता येत नाहीत, हे खरे. पण त्या कायद्यात मुलाला दंड नाही, पालकाला दंड नाही; पुरेशी दक्षता न घेणाऱ्या कंपनीला मात्र चार कोटी पंचाण्णव लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कंपन्यांना अठरा महिन्यांची सवलत आणि मुलांना उद्यापासून दंड, या विषमतेवर एकाही पालकसभेत कोणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही.

आणि आमचा रायगड हा तो जिल्हा आहे जिथे, कुलाबा हे नाव असताना, अलिबागजवळच्या चरी गावी ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमीन पडीक ठेवून उपासमार सोसली. १९३७ मध्ये त्याच चळवळीतून ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले आणि १९३९ च्या कूळकायद्याने कुळांच्या हक्काला पहिली मान्यता दिली. त्या माणसांना शाळा लाभली नव्हती, तरी धान्य कोणाच्या कोठारात जाते हे त्यांना अचूक समजले होते, आणि त्यांनी आपला जाब त्या कोठाराच्या मालकाला विचारला. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या सभेत आज आपल्याच लेकरांवर दंड बसवण्याची भाषा व्हावी, याचे मला अतोनात वाईट वाटते.

म्हणून येत्या ग्रामसभेपुढे मी ठरावाचा दुसरा मसुदा ठेवणार आहे. त्याची पहिली बाब केंद्र सरकारला उद्देशून असेल: विदा संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाची अंमलबजावणी मुदतीत व्हावी, आणि मुलांच्या खात्यांवर न संपणारे पान व रात्रीच्या सूचना कंपन्यांनी बंद कराव्यात. दुसरी बाब स्वतःला उद्देशून असेल: सात ते साडेआठ साऱ्या गावाचे पडदे बंद, सरपंचापासून शिक्षकापर्यंत, आणि त्या वेळात वाचनालय उघडे. तिसरी अशी की समाजमाध्यमावर फसवल्या गेलेल्या कोणत्याही मुलीची शाळा बंद करणार नाही, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाला तुझ्याजवळ मोबाइल कुठून आला हा प्रश्न प्रथम विचारणार नाही, असे गाव लिहून देईल. या तीन बाबी सभेला मान्य असतील, तर वर्गातल्या मोबाइलबंदीच्या चौथ्या बाबीवर पहिली सही मी करीन.